बर्मिंगहॅमने परत मिळवलेला संघ

२९ नोव्हेंबर २०१४ च्या शनिवारी अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहराच्या विद्यापीठाने सदर्न मिसिसिपीच्या संघाला ४५–२४ असं हरवलं. हंगामातला हा त्यांचा सहावा विजय. अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये बारापैकी सहा सामने जिंकले की संघ हंगामअखेरच्या ‘बाउल’ सामन्यासाठी पात्र ठरतो. आदल्या वर्षी याच संघाला जेमतेम दोन विजय मिळाले होते. बिल क्लार्क हे नवे प्रशिक्षक जानेवारीत आले आणि एका हंगामात चित्र पालटलं. घरच्या मैदानावर येणारे प्रेक्षकही वर्षभरात दुपटीहून जास्त वाढले.

त्यानंतरच्या मंगळवारी, २ डिसेंबरला, विद्यापीठाचे अध्यक्ष रे वॉट्स यांनी खेळाडूंना एका खोलीत बोलावलं आणि फुटबॉल बंद होत असल्याचं सांगितलं. सोबत बोलिंग आणि रायफल नेमबाजीचे संघही बंद. कुणीतरी मोबाइलवर चित्रण करत होतं, त्यामुळे त्या खोलीत काय झालं ते पुढच्या काही तासांत साऱ्या देशानं पाहिलं. धिप्पाड मुलं हमसून हमसून रडत होती. लष्करात सेवा करून आलेला एक खेळाडू उभा राहिला आणि थेट अध्यक्षांशी बोलू लागला. ही मुलं हजारो मैलांवरून इथं खेळायला आली आणि तुम्ही आम्हाला आकडे सांगता, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. त्याचा आवाज चढत गेला, मधेच फाटला. अध्यक्ष म्हणत राहिले की आकडे जुळत नाहीत. बाहेर विद्यार्थ्यांची गर्दी जमली होती. अध्यक्षांना पोलिसांच्या कड्यातून गाडीपर्यंत जावं लागलं.

वॉट्स हे काही बाहेरून आणलेले व्यवस्थापक नव्हते. अभियांत्रिकीची पहिली पदवी त्यांनी याच विद्यापीठातून घेतली होती, पुढे मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून नाव कमावलं होतं. स्वतःच्या संस्थेचं भलं करतो आहोत अशीच त्यांची समजूत होती, असं मानायला जागा आहे. म्हणूनच पुढच्या सहा महिन्यांत जे घडलं ते नीट बघण्यासारखं आहे. डबघाईला आलेला क्रीडा विभाग उभा कसा करायचा, या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न येतो: तो डबघाईला आला आहे हे ठरवलं कुणी आणि कोणत्या हिशेबावरून?

आपल्याकडे महाविद्यालय आणि खेळ म्हटलं की आठवतो तो जिमखाना, फीच्या पावतीवरची जिमखाना फीची ओळ आणि डिसेंबरातल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. अमेरिकेत या शब्दांमागे वेगळंच जग आहे. तिथल्या विद्यापीठाचा क्रीडा विभाग म्हणजे स्वतःचं अंदाजपत्रक, विपणन, तिकीटविक्री, डॉक्टर आणि शेकडो खेळाडू असलेली एक संस्थाच. त्याच्या प्रमुखाला ‘अ‍ॅथलेटिक डायरेक्टर’ म्हणतात. फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत खेळायचं, तर त्या काळच्या नियमानुसार एकट्या फुटबॉल संघाला ८५ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. (हा फुटबॉल हेल्मेट घालून, चेंडू बगलेत धरून खेळायचा, जगातल्या इतरांचा फुटबॉल तिथं ‘सॉकर’.) विद्यापीठं भौगोलिक किंवा व्यावसायिक सोयीनुसार ‘कॉन्फरन्स’ नावाचे गट करून आपसांत खेळतात आणि दूरचित्रवाणीचा पैसा गटामार्फत येतो. शिवाय १९७२ चा ‘टायटल नाइन’ हा कायदा आहे. स्त्री-पुरुष विद्यार्थ्यांना खेळाच्या समान संधी द्याव्या लागतात, म्हणून फुटबॉलच्या ८५ मुलांच्या समोर स्त्रियांचे अनेक संघ उभे करावे लागतात. फुटबॉल गेलं की हे गणित हलतं आणि त्या संघांवरही कात्री चालवता येते. बर्मिंगहॅममध्ये बोलिंग खेळणाऱ्या मुली त्यातच सापडल्या. त्यांच्या नावाने फारशा घोषणा झाल्या नाहीत, पण घर त्यांचंही मोडलं होतं.

विद्यापीठाचं पूर्ण नाव ‘युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामा अ‍ॅट बर्मिंगहॅम’. सगळे यूएबी म्हणतात. बर्मिंगहॅम हे पोलादाचं शहर. लोखंड, कोळसा आणि चुनखडी एकाच परिसरात सापडल्यामुळे वसलेलं. डोंगरावर व्हल्कन या अग्निदेवतेचा प्रचंड ओतीव लोखंडी पुतळा आजही उभा आहे. १९६३ मध्ये याच शहरात कृष्णवर्णीय शाळकरी मुलांवर पाण्याचे फवारे आणि पोलिसी कुत्रे सोडले गेले. ती छायाचित्रं जगभर छापली गेली. पुढे भट्ट्या थंडावल्या, स्लॉस फर्नेस १९७१ मध्ये बंद झाली आणि शहराचा भार हळूहळू रुग्णालयं आणि वैद्यकीय महाविद्यालय यांच्यावर आला. यूएबी १९६९ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झालं आणि आज ते राज्यातल्या सर्वांत मोठ्या रोजगारदात्यांपैकी एक आहे.

इथला क्रीडा विभाग एका माणसाने शून्यातून उभारला: जीन बार्टो. यूसीएलए विद्यापीठात जॉन वुडन या दंतकथा बनलेल्या बास्केटबॉल प्रशिक्षकाच्या जागेवर बसण्याचं अवघड काम करून हा माणूस १९७७ मध्ये बर्मिंगहॅमला आला. इथं ना संघ होता, ना परंपरा. १९७८ च्या हंगामात बास्केटबॉल सुरू झालं आणि १९८२ मध्ये हा पोरसवदा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या आठांत पोचला. फुटबॉल १९९१ मध्ये तिसऱ्या श्रेणीत सुरू झालं आणि पाच वर्षांत, १९९६ मध्ये, सर्वोच्च श्रेणीत दाखल झालं. २००४ मध्ये संघ हवाईला जाऊन पहिला बाउल सामना खेळला. हरला, पण खेळला.

मग अडलं कुठं?

बर्मिंगहॅमपासून तासाभराच्या अंतरावर टस्कलूसा आहे. तिथं मूळ अलाबामा विद्यापीठ आहे, आणि तिथलं फुटबॉल हा त्या राज्याचा जवळपास दुसरा धर्म. ‘बेअर’ ब्रायंट या प्रशिक्षकाने तिथं सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. टस्कलूसा, बर्मिंगहॅम आणि हंट्सव्हिल या तिन्ही विद्यापीठांचं विश्वस्त मंडळ एकच, आणि त्यातले बहुसंख्य सदस्य टस्कलूसाचे माजी विद्यार्थी. ब्रायंट यांचे चिरंजीव पॉल ब्रायंट ज्युनियर हेही अनेक वर्षं या मंडळावर होते. एका घरात थोरल्याच्या हाती किल्ल्या आणि धाकट्याने प्रत्येक खर्चाला परवानगी मागायची, अशी ही मांडणी.

दोन प्रसंग पुरेसे बोलके आहेत. २००६ च्या अखेरीला यूएबीला नवा फुटबॉल प्रशिक्षक हवा होता. जिंबो फिशर या उमद्या साहाय्यक प्रशिक्षकाशी बोलणी जवळपास पक्की झाली. विश्वस्त मंडळाने खर्चाचं कारण देत ती मोडली. फिशर फ्लोरिडा स्टेटला गेले आणि २०१३ च्या हंगामात त्यांनी तिथं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. दुसरा प्रसंग २०११ चा. यूएबीने आपल्या आवारात सुमारे तीस हजार आसनांचं मैदान बांधायचं ठरवलं होतं. मंडळाने प्रस्ताव पुढे जाऊच दिला नाही. संघ खेळत राहिला तो लीजन फील्डवर, शहराच्या पश्चिमेकडच्या, १९२० च्या दशकात बांधलेल्या सत्तर हजार आसनांच्या जुन्या मैदानावर. एके काळी अलाबामा आणि ऑबर्न या विद्यापीठांमधला राज्याचा सर्वांत मोठा सामना तिथं व्हायचा. १९९६ च्या ऑलिंपिकमधले सॉकरचे सामनेही झाले. पण दहा-पंधरा हजार माणसं त्यात बसली की मैदान रिकामंच दिसायचं, आणि ज्या संघाचं मैदान रिकामं दिसतं त्याच्याकडे चांगले खेळाडूही वळत नाहीत.

ज्याला आपला प्रशिक्षक निवडता येत नाही आणि आपलं मैदान बांधता येत नाही, त्या विभागाच्या अपयशाचं माप त्याच्याच पदरात टाकणं अन्याय्य आहे. बर्मिंगहॅमच्या लोकांचा राग याच जागेवरून उसळला. निर्णय आपला एकट्याचा आहे, मंडळाचा नाही, असं वॉट्स सांगत राहिले. शहराने त्यावर विश्वास ठेवला नाही.

वॉट्स यांचं म्हणणं साधं होतं. क्रीडा विभागाचा वार्षिक खर्च सुमारे तीन कोटी डॉलर, त्यातले जवळपास दोन कोटी विद्यापीठ आणि विद्यार्थ्यांचं शुल्क यांतून येतात. फुटबॉल चालू ठेवून इतरांच्या बरोबरीला आणायचं तर पाच वर्षांत आणखी ४ कोटी ९० लाख डॉलर लागतील, असा अहवाल कारस्पोर्ट्स या सल्लागार संस्थेने दिला होता. हा पैसा वैद्यकीय संशोधन आणि शिक्षण यांच्या तोंडचा घास काढून का द्यायचा? प्रश्न रास्त आहे. कुठल्याही सुजाण प्राध्यापकाला तो पटेल.

पण बर्मिंगहॅमच्या प्राध्यापकांनीच तो अहवाल हातात घेतला आणि आकडे तपासायला बसले. जानेवारी २०१५ मध्ये फॅकल्टी सिनेटने अध्यक्षांवर अविश्वासाचा ठराव मंजूर केला. त्यामागे फुटबॉलप्रेम किती होतं कोण जाणे. त्यांची मुख्य तक्रार अशी होती की इतका मोठा निर्णय बंद दाराआड, कुणाशी सल्लामसलत न करता घेतला गेला. विद्यार्थी संघटना त्यांच्या बाजूने उभी राहिली. माजी खेळाडू, उद्योजक, नगरसेवक एकत्र आले. ‘फ्री यूएबी’ हे दोन शब्द शहरभर शर्टांवर आणि गाड्यांवर दिसू लागले.

खरी लढाई मात्र हिशेबाच्या वहीत झाली. ओएसकेआर या अर्थतज्ज्ञांच्या संस्थेला नेमलं गेलं. त्यातले अँडी श्वार्ट्झ अनेक वर्षं एकच गोष्ट सांगत आले आहेत: महाविद्यालयीन खेळांचा तोटा बराचसा हिशेबाच्या पद्धतीतून निर्माण होतो. एक खेळाडू दुसऱ्या राज्यातून आला. त्याला पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली. क्रीडा विभागाच्या खात्यात त्याची पूर्ण फी खर्च म्हणून पडते, तीही परराज्यातल्या विद्यार्थ्याच्या चढ्या दराने. ती फी जाते कुणाकडे? त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या खात्यात. वर्गात जागा रिकामी असेल तर त्या एका मुलाला शिकवण्याचा प्रत्यक्ष वाढीव खर्च कागदावरच्या फीच्या जवळपासही जात नाही. शिवाय खेळायला म्हणून येणाऱ्या पण शिष्यवृत्ती नसलेल्या मुलांची फी, संघासाठी मिळणाऱ्या देणग्या, तिकिटं, गटाकडून येणारे पैसे, हे सगळं फुटबॉलबरोबर जाणार होतं. तेही धरलं तर या तीन संघांचा तोटा उरतच नाही, उलट थोडा फायदाच निघतो, असा या अहवालाचा निष्कर्ष होता.

आणखी एक मोठी गोष्ट पहिल्या हिशेबात नीट धरली गेली नव्हती. यूएबी ज्या ‘कॉन्फरन्स यूएसए’ गटात होतं, त्यात राहायला फुटबॉल संघ असणं आवश्यक होतं. फुटबॉल गेलं की गट गेला. गट गेला की बास्केटबॉलचं काय? बार्टो यांनी उभारलेलं सगळंच दुय्यम गटात फेकलं जाणार होतं. नेमक्या मार्च २०१५ मध्ये, १९ तारखेला, यूएबीच्या बास्केटबॉल संघाने राष्ट्रीय स्पर्धेत तिसरं मानांकन असलेल्या आयोवा स्टेटला ६०–५९ असं एका गुणाने हरवलं. चौदावं मानांकन असलेल्या पोरांचा तो विजय देशभर गाजला. ज्या विभागाला बुडीत ठरवलं जात होतं त्याचं नाव त्या रात्री घराघरांत पोचलं. संघाला पुढच्या फेरीत यूसीएलएने हरवलं, पण बर्मिंगहॅममध्ये मोहीम चालवणाऱ्यांच्या अंगात बळ आलं.

पैसा उभा करणं हे शेवटचं आणि सगळ्यांत कष्टाचं काम. रॉयल कप या शहरातल्या जुन्या कॉफी कंपनीचे हॅटन स्मिथ आणि यूएबीचे माजी खेळाडू जस्टिन क्राफ्ट यांनी त्यात पुढाकार घेतला. महापौर विल्यम बेल आणि नगरपालिकेने वर्षाला पाच लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. विद्यार्थी संघटनेनेही वाटा उचलायची तयारी दाखवली. विद्यापीठाने नव्याने नेमलेल्या सल्लागारांनी पाच वर्षांची तूट १ कोटी ७२ लाख डॉलर काढली होती; म्हणजे पहिल्या आकड्याच्या साधारण एक तृतीयांश. तेवढ्या रकमेची आश्वासनं गोळा झाली आणि १ जून २०१५ रोजी वॉट्स यांनी पत्रकारांसमोर येऊन फुटबॉल परत सुरू करत असल्याचं जाहीर केलं. बोलिंग आणि रायफल नेमबाजीही परत आली. सहा महिन्यांत निर्णय फिरवणारा हाच अध्यक्ष पुढे नव्या इमारतींच्या उद्घाटनाला हजर होता. त्याला मोठं मन लागतं आणि ते त्यांनी दाखवलं, हेही नोंदवायला हवं.

जाहीर करणं सोपं होतं. खेळायला संघच नव्हता. डिसेंबरच्या त्या घोषणेनंतर दुसऱ्याच दिवसापासून इतर महाविद्यालयांचे प्रशिक्षक बर्मिंगहॅममध्ये येऊन थडकले होते. बंद पडलेल्या संघातल्या मुलांना दुसरीकडे लगेच खेळता येतं, त्यामुळे आठ-दहा महिन्यांपूर्वी क्लार्क यांनी घडवलेला संघ पाखरांसारखा उडाला. जॉर्डन हॉवर्ड हा चेंडू घेऊन धावणारा खेळाडू इंडियाना विद्यापीठात गेला आणि २०१६ मध्ये शिकागो बेअर्सकडून व्यावसायिक फुटबॉलमधल्या पहिल्याच वर्षी १,३१३ यार्ड धावला. क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाल रचणारा) कोडी क्लेमेंट्स साउथ अलाबामाला गेला. वेगासाठी नावाजलेला जे. जे. नेल्सन अ‍ॅरिझोनाच्या व्यावसायिक संघात गेला. यूएबी हरत होतं ते गुणी मुलं नव्हती म्हणून, असं आता कुणाला म्हणता येणार नव्हतं.

क्लार्क थांबले. ते मूळचे अलाबामाचेच. वडीलही प्रशिक्षक. प्रॅटव्हिल या गावच्या शाळेला त्यांनी राज्याची अजिंक्यपदं मिळवून दिली होती आणि एका वर्षात जॅक्सनव्हिल स्टेटला ११ विजयांपर्यंत नेलं होतं. त्यांना इतरत्र नोकरी मिळाली नसती असं अजिबात नाही. पण परत सुरू करायचंच असेल तर जुन्या परिस्थितीत नको, इमारत आणि सराव मैदान हवं, अशी त्यांची मागणी होती. त्याआधी यूएबीच्या खेळाडूंचे लॉकर, व्यायामशाळा आणि सरावाची जागा पाहून दुसऱ्या विद्यापीठातून आलेला मुलगा परत जाईल अशी अवस्था होती. मे महिन्यात नेमलेले नवे अ‍ॅथलेटिक डायरेक्टर मार्क इनग्रॅम यांनी ही मागणी उचलून धरली. वर्गणीतून उभ्या राहिलेल्या सव्वादोन कोटी डॉलरांच्या खर्चातून २०१७ च्या उन्हाळ्यात फुटबॉलचं नवं केंद्र तयार झालं आणि शेजारी छत असलेलं, बाजूंनी उघडं सराव मैदान. अलाबामाच्या ऑगस्टमधल्या उकाड्यात आणि विजा कोसळत असताना त्या छताची किंमत कळते.

या कामात सगळ्यांत कठीण आणि सगळ्यांत कमी पाहिला गेलेला भाग म्हणजे मधली दोन वर्षं. २०१५ मध्ये सामने नाहीत. २०१६ मध्येही नाहीत. पण २०१६ मध्ये संघ पूर्ण हंगाम सराव करत होता. पहाटे उठायचं, वजन उचलायचं, वर्गात जायचं, दुपारी मैदानावर एकमेकांना धडका द्यायच्या आणि शनिवारी, जेव्हा सारा देश सामने बघतो, तेव्हा स्वतःचा सामना नाही. अठरा-वीस वर्षांच्या मुलाला या गोष्टीसाठी तयार करायचं म्हणजे काय, हे कुठल्याही प्रशिक्षकाला विचारा. क्लार्क यांनी त्यासाठी दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजांतली, थोडी मोठी, आयुष्यात एकदा नाकारली गेलेली मुलं शोधली. दुसरीकडे न जमलेले, एक संधी हवी असलेले. त्यांतलाच नोत्र दाम विद्यापीठातून आलेला ग्रेग ब्रायंट मे २०१६ मध्ये फ्लोरिडात गोळीबारात मारला गेला. एकही सामना न खेळलेल्या संघाने आपल्या मित्राचा अंत्यविधी पाहिला. शॅक जोन्स हा लाइनबॅकर (बचावातला खेळाडू) २०१४ च्या संघातल्या मोजक्या मुलांपैकी एक. तो कुठं गेला नाही, थांबला.

महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने एक सवलत दिली आणि ती निर्णायक ठरली. दोन वर्षं बंद असलेल्या संघाला सर्वोच्च श्रेणीत थेट परत येता येईल आणि पहिल्याच वर्षी बाउलसाठी पात्रही ठरता येईल, असं कळवलं गेलं. मुलांना सांगायला क्लार्क यांच्याकडे आता काहीतरी होतं.

२ सप्टेंबर २०१७. लीजन फील्ड. समोर अलाबामा ए अँड एम, राज्यातल्या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठांपैकी एक. दरवर्षी याच मैदानावर खेळणारा संघ. मैदानात ४५,२१२ माणसं होती, यूएबीच्या घरच्या सामन्यातली तोवरची सर्वांत मोठी गर्दी. बहुतेक जाणकारांनी हंगामाआधी या संघाला यादीच्या तळाला ठेवलं होतं. यूएबीने सामना ३८–७ असा जिंकला. स्पेन्सर ब्राउन हा पहिल्या वर्षाचा मुलगा त्या हंगामात १,३२९ यार्ड धावला. हंगामअखेर आठ विजय. बहामा बेटांवरच्या बाउल सामन्यात ओहायोने ४१–६ असं पार झोडपलं, पण त्याचं कुणाला फार वाईट वाटलं नाही.

२०१८ चा शेवट मात्र सांगायलाच हवा. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मिडल टेनेसीने यूएबीला २७–३ असं हरवलं. आठवड्याभराने, १ डिसेंबरला, गटाच्या अजिंक्यपदासाठी तोच संघ, तेच परकं मैदान. यूएबीने तो सामना शेवटच्या मिनिटांत लाथेने मारलेल्या फील्ड गोलवर २७–२५ असा जिंकला. फुटबॉल बंद केल्याच्या घोषणेला चार वर्षं पूर्ण व्हायला एक दिवस बाकी होता. त्यानंतर फ्लोरिडातल्या बोका रॅटनमध्ये नॉर्दर्न इलिनॉयला ३७–१३ हरवून विद्यापीठाच्या इतिहासातला पहिला बाउल विजय आला. हंगामात ११ विजय. २०२० मध्ये मार्शलला हरवून पुन्हा गटविजेतेपद. परतल्यापासून घरच्या मैदानावर सलग २१ सामने हा संघ हरला नाही.

आणि मैदान? ज्याची मागणी एकदा मोडीत काढली गेली होती, ते शहराच्या मध्यभागी उभं राहिलं. नगरपालिका, जिल्हा, संमेलन केंद्राचं प्राधिकरण आणि यूएबी यांनी मिळून बांधलेलं प्रोटेक्टिव्ह स्टेडियम ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडलं. पहिला सामना यूएबी लिबर्टीकडून हरलं. २०२२ च्या उन्हाळ्यात तिथं ‘वर्ल्ड गेम्स’ या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेचं उद्घाटन झालं.

इथं थांबून एक गोष्ट बजावून सांगायला हवी. यूएबीची विद्यार्थिसंख्या २०१४ च्या सुमारे १८,७०० वरून २०१९ मध्ये २२ हजारांवर गेली. फुटबॉलचे चाहते हा आकडा उचलून दाखवतात. त्याच काळात विद्यापीठाने नवे अभ्यासक्रम, वसतिगृहं आणि वर्ग उभारले. सगळं श्रेय हेल्मेटवाल्या मुलांना देणं चुकीचं ठरेल. क्रीडा विभागाचा मोठा खर्च आजही विद्यापीठाच्या अनुदानावर आणि विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालतो, हेही खरं आहे. अमेरिकेतल्या बहुतांश विद्यापीठांत तसंच आहे. खेळ नफा देतो म्हणून तो ठेवावा, असं म्हणणाऱ्यांपेक्षा खेळावर काय खर्च होतो आणि त्यातून काय मिळतं हे विद्यार्थ्यांपुढे उघडपणे मांडा, असं म्हणणारे बर्मिंगहॅमचे प्राध्यापक जास्त पटतात.

बर्मिंगहॅमची गोष्ट एकमेव नाही, पण तिचं वेगळेपण दुसऱ्या उदाहरणाशेजारी ठेवलं की उठून दिसतं. कॅन्सस स्टेट विद्यापीठाचा फुटबॉल संघ १९८० च्या दशकाअखेर देशातला सर्वांत पडेल संघ होता. सलग २७ सामन्यांत एकही विजय नाही. १९८८ च्या शेवटी बिल स्नायडर तिथं प्रशिक्षक झाले आणि दहा वर्षांनी, नोव्हेंबर १९९८ मध्ये, तोच संघ राष्ट्रीय क्रमवारीत पहिला आला. तिथं अध्यक्ष जॉन वेफल्ड पहिल्या दिवसापासून स्नायडर यांच्या पाठीशी होते. इमारती, पैसा, वेळ, सगळं वरून मिळालं. स्टॅनफर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठाने जुलै २०२० मध्ये ११ खेळ बंद करायचं जाहीर केलं आणि माजी खेळाडूंच्या रेट्याने मे २०२१ मध्ये माघार घेतली. बर्मिंगहॅममध्ये ना वरून आधार होता, ना स्टॅनफर्डची तिजोरी. तिथं शहराने हिशेब मागितला आणि मग स्वतःच्या खिशात हात घातला.

क्लार्क यांची पाठ जून २०२२ मध्ये त्यांना दगा देऊन गेली. मणक्याची शस्त्रक्रिया अटळ झाली आणि ४९ विजय, २६ पराभव अशा नोंदीसह त्यांनी निवृत्ती जाहीर केली. संघ २०२३ मध्ये अधिक बळकट अशा ‘अमेरिकन’ गटात गेला. विद्यापीठाने माजी व्यावसायिक क्वार्टरबॅक ट्रेंट डिल्फर यांना प्रशिक्षक नेमलं. महाविद्यालयीन संघाला प्रशिक्षण देण्याचा अनुभव त्यांना नव्हता. चार विजय, मग तीन, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये २–४ अशा सुरुवातीनंतर त्यांना काढण्यात आलं. त्याच महिन्यात हंगामी प्रशिक्षक अ‍ॅलेक्स मॉर्टेन्सन यांच्या हाताखाली संघाने मानांकित मेम्फिसला ३१–२४ असं हरवलं.

आता प्रश्न पुन्हा पैशाचा आहे, पण पैसा जाणार वेगळ्या ठिकाणी आहे. ६ जून २०२५ रोजी न्यायालयाने मंजूर केलेल्या ‘हाउस’ तडजोडीनंतर अमेरिकेतली विद्यापीठं आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. लष्करी अकादमी वगळता ‘अमेरिकन’ गटातल्या प्रत्येक विद्यापीठाने तीन वर्षांत किमान एक कोटी डॉलर त्यासाठी काढावेत असं गटाने ठरवलं आहे. २०१४ मध्ये अख्ख्या विभागाचा वर्षाचा खर्च तीन कोटी होता, हे लक्षात घेतलं की हा बोजा किती मोठा आहे ते कळतं. ज्या देणगीदारांनी इमारत आणि छत उभं केलं त्यांच्याकडेच आता खेळाडूंच्या मानधनासाठी हात पसरावा लागेल. आणि खेळाडूही गप्प नाहीत: २०२४ मध्ये अ‍ॅथलीट्स डॉट ऑर्ग या खेळाडूंच्या संघटनेत जाहीरपणे सामील होणारा देशातला पहिला फुटबॉल संघ यूएबीचाच होता. या संघटनेचा आग्रह असा, की करार ठरताना खेळाडूंनाही टेबलाशी खुर्ची हवी.